‘गोळी बंद करा’ म्हणजे नेमकी कोणती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसवलाय. हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन दहा दिवसांवर आलंय. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, "गोळी अजिबात बंद करायची नाही." सर्जन म्हणाले, "पाच दिवस आधी बंद करा." हॉस्पिटलच्या आरएमओने (तिथल्या निवासी डॉक्टरांनी) फोनवर सांगितलं, "नेहमीच्या सगळ्या गोळ्या सकाळी घेऊनच या." सिस्टर म्हणाल्या, "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको." वर जो येतो तो तेच प्रश्न पुन्हा विचारतो. म्हणून तुम्ही वैतागून विचारलंय, ही मंडळी आपसात बोलतात तरी का?

मी भूलतज्ज्ञ आहे. सुरुवातीची वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजात गेली, पुढची वीस वर्षं चार-पाच हॉस्पिटलांत फिरून भूल देण्यात. खरं सांगायचं तर बोलतात, पण तुम्हाला वाटतं तितकं नाही. हृदयरोगतज्ज्ञ एका गावात, सर्जन दुसऱ्या, मी तिसऱ्याच हॉस्पिटलात ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरात. आमचे निरोप केसपेपरवरून, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तिरक्या फोटोंवरून आणि बहुतेक वेळा पेशंटच्या तोंडूनच एकमेकांकडे जातात. म्हणजे निरोप्याचं काम तुम्ही आधीच करताय, फक्त ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

तेच तेच प्रश्न विचारण्याबद्दलची तक्रार मात्र मला मान्य नाही. ते मुद्दाम असतं. माणूस पहिल्यांदा विचारल्यावर वेगळं सांगतो, तिसऱ्यांदा वेगळं. "काही व्यसन?" म्हटलं की आमच्याकडच्या आजी ठामपणे नाही म्हणतात. सिस्टर कपडे बदलताना विचारतात, "मिश्री लावता का हो?" तर "ती तर सकाळ-संध्याकाळ लावते की!" मिश्रीला व्यसन म्हणतात हे त्यांच्या गावीही नसतं. गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या पुड्यांचंही तसंच. त्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्महिने पोटात जात असेल, तर ऑपरेशनच्या ताणाला शरीराने स्वतः जे स्टेरॉइड तयार करायचं ते पुरेसं तयार होत नाही आणि ब्लडप्रेशर कोसळू शकतं. पण "औषधं कोणती चालू आहेत?" याचं उत्तर देताना पुडी कुणी मोजत नाही.

"घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?" हा प्रश्नही लोकांना उगाचच विचारल्यासारखा वाटतो. सक्सिनिलकोलीन नावाचं स्नायू शिथिल करणारं औषध आम्ही वापरतो. त्याचा परिणाम एरवी काही मिनिटांत ओसरतो. काही घराण्यांत ते औषध मोडणारं एन्झाइम जन्मतः कमी असतं, मग तोच परिणाम तासन्‌तास टिकतो आणि तेवढा वेळ श्वास मशीनवर द्यावा लागतो. आपल्याकडे आर्यवैश्य समाजात हे जास्त आढळतं, म्हणून त्या समाजातले पेशंट नेहमी येतात तिथले भूलतज्ज्ञ हा प्रश्न सोडत नाहीत. "काकांना ऑपरेशननंतर रात्रभर मशीनवर ठेवलं होतं" एवढं एक वाक्य मला पुरतं. ते फाइलमध्ये कधीच नसतं, घरातल्या कुणाच्या तरी आठवणीत असतं.

तेव्हा चौघांनी एकच प्रश्न विचारला तर विचारू द्या. गडबड असते ती चौघांनी चार उत्तरं दिली आणि ती कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नाहीत, तेव्हा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं तेच झालंय.

आता गोळी. माझा अंदाज असा, की हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघंही बरोबर आहेत. फक्त ते दोन वेगवेगळ्या औषधांबद्दल बोलताहेत आणि दोघांनीही शब्द वापरलाय ‘गोळी’. स्टेंटनंतर साधारणपणे रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं सुरू होतात, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. (क्लोपिडोग्रेलच्या जागी टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेलही असतं, त्यांचे बंद करायचे दिवस वेगळे.) स्टेंट असलेल्या माणसाची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन हर्नियासारख्या ऑपरेशनला सहसा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल मात्र साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. तिचा परिणाम प्लेटलेट्सवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींवर, कायमचा होतो आणि नव्या प्लेटलेट्स तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. म्हणजे ‘बंद करू नका’ हे ॲस्पिरिनबद्दल आणि ‘पाच दिवस आधी बंद करा’ हे क्लोपिडोग्रेलबद्दल असणार. तरी हा माझा अंदाज आहे. त्यावर विसंबून घरी काहीही बंद करू नका, खाली सांगतो तसं त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

यातली खरी मेख पुढेच आहे. वडिलांच्या औषधांत एखादी कॅप्सूल आहे का बघा, जिच्या नावाच्या शेवटी ‘गोल्ड’ असं काहीतरी आहे. आपल्याकडे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध अशी तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. पेशंटच्या सोयीचं आहे, मी नावं ठेवत नाही. पण ऑपरेशनच्या वेळी या कॅप्सूलने मला जितका घाम फोडलाय तितका दुसऱ्या कशाने नाही.

एका हॉस्पिटलात प्रोस्टेटच्या ऑपरेशनला एक गृहस्थ आले होते. फाइलवर लिहिलेलं, ‘रक्त पातळ होण्याची औषधं – नाहीत’. आरएमओने विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं होतं. सर्जननेही विचारलं होतं, त्यांनाही नाही. पाठीतून भूल द्यायची ठरली होती. पाठ स्वच्छ करून झाली, सुई हातात होती, आणि केवळ त्यांना बोलतं ठेवायचं म्हणून मी विचारलं, "काका, सकाळी काय काय घेतलंत?" ते म्हणाले, "प्रेशरची घेतली आणि ती कोलेस्टेरॉलची कॅप्सूल." का कोण जाणे, मी मुलाला पाकीट आणायला पाठवलं. त्यात क्लोपिडोग्रेल होतं. रोज घेत होते, अगदी त्या सकाळपर्यंत. क्लोपिडोग्रेल चालू असताना पाठीत सुई घातली तर मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन गाठ होऊ शकते, आणि ती वेळेत काढली नाही तर पाय कायमचे जाऊ शकतात. ऑपरेशन पुढे ढकललं. नातेवाईक चिडले, सर्जनही थोडे नाराज झाले.

या प्रकारात खोटं कुणीच बोललं नव्हतं. डॉक्टरांनी नीट विचारलं, पेशंटने प्रामाणिक उत्तर दिलं, लिहिणाऱ्याने ऐकलं तसंच लिहिलं. त्यांना देताना ती कॅप्सूल ‘कोलेस्टेरॉलची’ म्हणूनच दिली गेली होती. तेव्हापासून मी औषधांबद्दल तोंडी उत्तर स्वीकारत नाही. पाकिटं दाखवा. पिशवीच घेऊन या, रिकाम्या पट्ट्यांसकट.

याची उलटी बाजूही लक्षात घ्या. अशी कॅप्सूल ‘पाच दिवस बंद’ केली की क्लोपिडोग्रेलबरोबर ॲस्पिरिनही बंद होते आणि कोलेस्टेरॉलचं औषधही. स्टेंट असलेल्या माणसाला हे दोन्ही चालू हवं असतं. म्हणून नुसतं ‘बंद करा’ पुरत नाही. मधल्या दिवसांसाठी सुटी ॲस्पिरिन आणि सुटं कोलेस्टेरॉलचं औषध लिहून मिळायला हवं. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पुन्हा सुरू कधी करायचं आणि ते कुणी सांगायचं. सर्जनला वाटतं हृदयरोगतज्ज्ञ सांगतील, त्यांना वाटतं डिस्चार्ज कार्डावर लिहिलं असेल, आणि पेशंट महिनाभर गोळीविना बसतो. तुमच्या वडिलांच्या स्टेंटला दोन वर्षं झालीत, कदाचित आता दोन्ही औषधांची गरजही नसेल. हा प्रश्न या निमित्ताने हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

‘फिटनेस’ या शब्दावरही माझा जुना राग आहे. सर्जन फिजिशियनकडे पाठवतात, फिजिशियन ईसीजी, टूडी इको बघून लिहितात ‘फिट फॉर सर्जरी, मॉडरेट रिस्क’, खाली सही-शिक्का. तो कागद फाइलला लागला की हृदयाचा विषय संपला असं सगळे धरून चालतात. माझ्या तो काहीच उपयोगाचा नाही. मला हवं असतं ते वेगळंच. स्टेंट कोणत्या महिन्यात बसला, कोणत्या रक्तवाहिनीत, हृदय किती टक्के पंप करतंय, कोणतं औषध कधी थांबवायचं आणि कधी सुरू करायचं. आणि दोन जिने न थांबता चढता येतात का, जे सांगायला कुठल्या मशीनची गरज नाही, पण विचारतो कोण? फिजिशियनची चूक म्हणावी तर त्यांना पाठवलेल्या चिठ्ठीत प्रश्नच एवढा असतो, ‘काइंडली गिव्ह फिटनेस’. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आरएमओंच्या ‘सगळ्या गोळ्या घेऊन या’ याबद्दल. बिचाऱ्यांना संध्याकाळच्या राउंडआधी दहा पेशंटना फोन करायचे असतात. ब्लडप्रेशरची काही औषधं घ्यावीच लागतात, विशेषतः हृदयाचे ठोके मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर अचानक बंद करायची नसतात. थायरॉइडची गोळीही घ्यायची. टेल्मिसार्टनसारखी औषधं मात्र आमच्यापैकी बरेच जण आदल्या दिवसापासून थांबवतात, कारण भुलीत प्रेशर फार खाली जातं. काही जण थांबवत नाहीत. इथे तुमच्या भूलतज्ज्ञांचा शब्द शेवटचा.

मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण एक गट असा आहे जो किमान तीन दिवस आधी थांबवावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, म्हणजे नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं ती औषधं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये ही मुदत औषधाच्या माहितीपत्रकातच घालायला लावली. त्याच वर्षी भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, औषध स्वस्त झालं आणि मेटफॉर्मिनबरोबर, सिटाग्लिप्टिनबरोबर, नाना मिश्रणांत घरोघरी पोहोचलं. ही गोळी चालू असताना उपास आणि ऑपरेशनचा ताण एकत्र आले, तर रक्तात कीटोन साठून ॲसिड वाढू शकतं, आणि तेही साखर जवळपास नॉर्मल असताना. वॉर्डात सिस्टर ग्लुकोमीटरवर १६० बघतात, ठीक आहे म्हणून पुढे जातात. पेशंटला मळमळतंय, धाप लागतेय, तर ते ‘भुलीमुळे’ किंवा ‘दुखतंय म्हणून’ ठरतं. ज्याने गोळी लिहिली त्याला ऑपरेशन माहीत नाही, आणि ऑपरेशन करणाऱ्याला गोळीतला दुसरा घटक माहीत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं कुणी घेत असेल तर तेही सांगायचं. त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि भुलीत उलटी फुप्फुसात जायचा धोका असतो. ‘गोळ्या कोणत्या?’ म्हटलं की इंजेक्शन सांगायचं राहून जातं.

पाण्याचा थेंबही नको, हे मात्र जुनं झालंय. हलका आहार सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट आठ तास, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, असा आता सर्वसाधारण नियम आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पोट मंदावलेलं असतं, तिथे आम्ही वेळ वाढवतो. मग ‘रात्री बारा’ अजून का चालतं? कारण ओटीची लिस्ट पक्की नसते. सिस्टरला ठाऊक नसतं की वडिलांचा नंबर सकाळी आठला लागेल की दुपारी दोनला. मधे एखादं सिझेरियन आलं की सगळंच सरकतं. बारा सांगितलं की कुणी चुकत नाही, फक्त पेशंट चौदा-पंधरा तास कोरडा राहतो. लिस्ट बदलली की ओटीतून वॉर्डात एक फोन जायला हवा: "यांना आता दुपारी बारा वाजेपर्यंत पाणी द्या." तो फोन करणं हे कुणाचं काम आहे, हे बऱ्याच ठिकाणी ठरलेलंच नाही.

ही सगळी गळती थांबावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची एक यादी काढली. भुलीआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट ओटीतून बाहेर नेण्याआधी, असं तीनदा सगळ्यांनी थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं. पेशंट हाच ना, बाजू हीच ना, ॲलर्जी काय, रक्त तयार आहे का. त्या कामाचे नेतृत्व करणारे बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले, उटी गावचे, हे आमच्या विदर्भातल्या मित्रांनी मला इतक्यांदा सांगितलंय की ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये आकडे छापून आले, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती सक्तीची केली. तिथल्या १०१ हॉस्पिटलांचे आकडे २०१४ मध्ये आले, तर म्हणण्यासारखा फरकच नाही.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. पेशंटवर हिरवी चादर पडल्यावर सिस्टर कोपऱ्यात बसून तिन्ही रकाने एका दमात भरताना मी पाहिलंय. कधी दुसऱ्या दिवशीही. कागद पूर्ण असतो, तोंडातून एक शब्द निघालेला नसतो. यादीतला एक मुद्दा आहे, सर्वांनी नाव आणि काम सांगून ओळख करून द्यायची. आमच्याकडे त्यावर हमखास हशा होतो, "पंधरा वर्षं एकत्र आहोत, आता काय ओळख!" पण त्याचा उपयोग मी पाहिलाय. जी सिस्टर एकदा सगळ्यांसमोर बोलली, ती नंतरही बोलते. एका सकाळी हर्नियाच्याच केसला एक नवी सिस्टर हळूच म्हणाली, "सर, संमतीपत्रावर उजवी लिहिलीय, लिस्टवर डावी आहे." पेशंट अजून जागा होता, त्यालाच विचारलं. उजवी. लिस्ट टाइप करणाऱ्याने फोनवरून ऐकताना चूक केली होती. सर्जन चांगले होते, "बरं झालं बोललीस" म्हणाले. दुसरे एखादे असते तर "मला शिकवू नकोस" ऐकून ती पुढच्या वेळी गप्प बसली असती.

संमतीपत्राचा विषय निघालाच आहे तर ते घाईत सही करून मोकळं व्हायचं नाही. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा एक निकाल आहे. दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय काढायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली. कोर्टाने ती ग्राह्य धरली नाही. पेशंट स्वतः विचार करू शकत असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या शुद्धीवर येण्याची वाट पाहायला हवी होती. तेव्हा वडिलांशी जे बोलायचं ते आधी, त्यांच्याशीच, ‘हर्निया, उजवी’ किंवा ‘डावी’ असं पूर्ण शब्दात वाचून.

तर आता करायचं काय? हॉस्पिटलात फोन करून भूल-तपासणीची वेळ मागा, ऑपरेशनच्या किमान आठवडाभर आधीची. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ भेटून उपयोग नाही, तोवर पाच दिवसांची मुदत उलटलेली असते. छोट्या हॉस्पिटलात माझ्यासारखा फिरता भूलतज्ज्ञ असेल तर ते म्हणतील, डॉक्टर त्याच दिवशी येतात. मग नंबर मागा, किंवा त्यांना फोन करायला सांगा. आम्हाला आवडतं, खरंच. टेबलावर पहिली भेट आम्हालाही नको असते.

एक कोरा कागद घ्या. पाकिटं बघून प्रत्येक औषधाच्या आतले घटक लिहा, नुसतं दुकानातलं नाव नाही. पुढे तीन रकाने: शेवटचा डोस कोणत्या तारखेला, ऑपरेशनच्या सकाळी घ्यायचं का, पुन्हा कधी सुरू. तारीखच लिहा. ‘पाच दिवस आधी’ म्हटलं की ऑपरेशनचा दिवस धरून की सोडून यावर घरात वाद होतो. चौथा रकाना ‘कुणी सांगितलं’ असा ठेवा. तो बघितला की डॉक्टर आपोआप सावध होऊन उत्तर देतात, हे मी स्वतःवरून सांगतो. हा कागद आणि स्टेंटचं कार्ड घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. "फिट आहेत का?" विचारू नका, "हे रकाने भरून द्या" म्हणा. मग तोच कागद सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना दाखवा. दोघांचं जुळत नसेल तर मधे मध्यस्थी करू नका. "सर, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलता का, मी फोन लावून देतो," असं समोर बसूनच म्हणा. दोन मिनिटांचा फोन असतो.

ऑपरेशन झाल्यावर भुलीबद्दलही लिहून मागा. श्वासाची नळी घालायला अवघड गेलं असेल तर ते भूलतज्ज्ञाला माहीत असतं, पण डिस्चार्ज कार्डावर येतं ‘अनइव्हेंटफुल’, म्हणजे विशेष काही घडलं नाही. पुढच्या भूलतज्ज्ञाला ते कळायला तुमच्या फाइलशिवाय दुसरी वाट नाही.

आणि उपास विचारला की "काही नाही, नुसता चहा घेतला" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, त्याला सहा तास लागतात, आणि त्या एका कपापायी लिस्टवरून नाव जातं. त्या पहाटे घरात चहा टाकू नका, निदान वडिलांच्या नाकाला वास येईल असा तरी नको.